पान पांढरं होऊ दे

मला भाकरी येत नाही. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. माझं माहेर चौक गावचं. जुन्या हायवेला वडिलांचं गॅरेज आणि गॅरेजला लागून ढाबा, त्यामुळे तंदुरी रोटी आणि ग्रीस या दोन गोष्टींतलं मला लहानपणापासून कळतं. पुढे इंजिनिअर झाले, वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि लग्न करून कर्जतकडच्या कळंबजवळच्या या गावात आले ती लॅपटॉप घेऊनच. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला परातीसमोर बसवलं. मी थापलेली भाकरी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "असूं दे. कोंबड्यांना आकार कळत नाय." त्यानंतर मला कुणी परातीसमोर बसवलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

आता कुठल्या घरात मला भाकरी येत नाही, तेही ऐका. सासूबाई गावातल्या बचत गटाच्या मुख्य आहेत आणि गटाचा धंदाच मुळी भाकरीचा. सात बायका आमच्या मागच्या पडवीत तीन चुली पेटवून शनिवार-रविवारी तांदळाच्या भाकऱ्या करतात. दुपारपर्यंत त्या जवळच्या एका रिसॉर्टवर जातात. मुंबईची माणसं तिथे येऊन पोहतात, झोपतात आणि भाकरी ताटात पडली की आधी तिचा फोटो काढतात. अशा घरात मी काय करते, तर माडीवर बसून कीबोर्ड बडवते. सासूबाईंच्या चुलत जाऊ, ज्यांना आम्ही पलीकडच्या काकी म्हणतो, त्या एकदा म्हणाल्याच, "वैनी, तुमची सून दिवसभर कुनाला पत्रं लिवते?"

गटाची एक रीत आहे. तांदळाच्या भाकरीला आधी उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, झाकायचं, वाफ आली की गरम गरम मळायचं. उकड कमी पडली तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात, जास्त झाली तर ठेवता येत नाही. म्हणून किती भाकऱ्या करायच्या तो आकडा आधी पक्का लागतो आणि तो सासूबाई सांगतात. सांगतात म्हणजे ओरडतात. पडवीच्या दारात उभ्या राहून त्या एकदाच आकडा देतात, तिन्ही चुलींवर मापं ओतली जातात आणि चौदा हात पिठात जातात. मग तो आकडा कुणी पुन्हा विचारत नाही. पिठाच्या हातांनी फोन कोण धरणार? सात वर्षं सासूबाईंचा आकडा कधी चुकला नव्हता आणि याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा मुलाच्या नोकरीचाही नव्हता.

पूर्वी रिसॉर्टचा मॅनेजर फोन करून आकडा सांगायचा. आमच्या पडवीत रेंज म्हणजे एक दांडी, तीही वारा असेल तशी. अर्धा आकडा यायचा, अर्धा डोंगरावर राहायचा. म्हणून मी गटासाठी एक छोटी वेबसाइट बनवली. मॅनेजर सकाळी सहाला अंदाज भरतो आणि साडेसातला पक्का आकडा. सासूबाई सहाला अंदाज बघून चुलींवर पाणी चढवायला सांगतात आणि साडेसातला पक्का आकडा बघून ओरडतात. सगळी मिळून तीन पानं. मला भाकरी येत नाही, पण ही वेबसाइट हीच माझी भाकरी, असं मी मनाशी धरून चालले होते. सासूबाई चारचौघांत "आमच्या सुनंनं केलंय" म्हणाल्या त्या दिवशी मी माडीवर जाऊन एकटीच नाचले.

आणि इथेच मी शहाणपणा केला. त्या तीन पानांना मी एक लायब्ररी जोडली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड. एरवी तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर जुनं पान टाकून देतो, क्षणभर पडदा पांढरा होतो आणि मग नवं पान येतं. ही लायब्ररी तो पांढरा क्षण येऊच देत नाही. ती मागच्या मागे नवं पान आणते आणि फक्त आतला मजकूर बदलते. शिवाय तुम्ही आधी पाहिलेलं पान ती जपून ठेवते आणि नवं येईपर्यंत तेच जुनं तुमच्यापुढे धरते, म्हणजे तुम्हाला वाटावं, काय झटपट उघडलं! ऑफिसात या लायब्ररीवर मी पाऊण तास बोलले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती नुसती लायब्ररी नव्हती, माझी लाडकी लेक होती.

मग एका शनिवारी सासूबाईंनी आरोळी दिली, "नव्वद!" नव्वद भाकऱ्या झाल्या, फडक्यात बांधल्या, रिसॉर्टवर गेल्या आणि त्यातल्या पन्नास परत आल्या. मॅनेजरने चाळीस लिहिले होते. बसभर पाहुण्यांनी येणं रद्द केलं होतं. त्या दिवशी आमच्या आळीत सगळ्यांनी भाकरी खाल्ली, संध्याकाळी दुधात कुस्करून खाल्ली, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाल्ली. सोमवारी आमची शेळीसुद्धा भाकरी बघून तोंड फिरवू लागली.

"मी वाचला तोच सांगितला," सासूबाई म्हणाल्या. "नव्वद म्हंजे नव्वद."

फोन उघडून पाहिला तर पानावर चाळीस होते. सगळ्या बायका चाळीसकडे बघत होत्या आणि मग हळूच सासूबाईंकडे.

पुढच्या शनिवारी उलटं झालं. सासूबाई ओरडल्या पस्तीस आणि पक्का आकडा होता एकशे दहा. रिसॉर्टवर लग्नाआधीची कसली तरी पार्टी होती. पंचाहत्तर भाकऱ्या ऐन दुपारी नव्याने करताना बायकांच्या हातांना फोड आले आणि मॅनेजर फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या संध्याकाळी गटाची बैठक भरली. पलीकडच्या काकी फार गोड आवाजात म्हणाल्या, "वैनी, वयानं व्हतं तसं. डोळं दाखवून घ्या. तवर फोन माज्याकडं राहूं दे, आकडा मी सांगन."

सासूबाई म्हणाल्या, "येक शनिवार द्या. त्याच्यातबी चुकला तर फोन तुजा."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. कॉम्प्युटरची बाई म्हणून मला विचारलंसुद्धा, "काय गं, मोबाईलात काय बिघाड व्हता का?" मी म्हणाले, "नाही, मी बघितलं, सगळं नीट आहे." खोटं नव्हतं ते. मी खरंच बघितलं होतं. माडीवर, वायफायवर बघितलं होतं.

त्या आठवड्यात सासूबाई बदलल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं लांबून वाचायच्या. एकादशी, चतुर्थी, कुठल्या गावची जत्रा. मग जवळ जाऊन बरोबर आहे का बघायच्या. बरोबरच असायचं. तरी पुन्हा दारात जायच्या. मला ते बघवेना, म्हणून मंगळवारी मीच त्यांना स्कूटरवर बसवून कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, भिंगं बदलली, खालची ओळ वाचायला लावली. शेवटी म्हणाले, "आजी, नजर छान आहे तुमची. जवळचं वाचायला साधा चष्मा देतो, हवा तर घाला." सासूबाईंनी चष्मा घेतला. बायकांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून घेतला, हे त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण येताना स्कूटरवर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी स्टेशनपासून कळंबपर्यंत कुणाची शेती कुणी विकली याचा त्यांचा पाढा चालू असतो.

नजर छान आहे. मग नव्वद आले कुठून?

बुधवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी सासूबाईंचा फोन घेऊन पडवीत गेले. वायफाय बंद केलं. एक दांडी. माडीवर लॅपटॉपवरून मॅनेजरच्या नावाने अंदाजाचे नव्वद आधीच भरून ठेवले होते. फोनवर पान उघडलं, नव्वद दिसले. पहिल्या पानावर परत आले. मग माडीवर पळत जाऊन आकडा चाळीस केला, खाली आले आणि सासूबाईंसारखंच 'आजची ऑर्डर' वर बोट ठेवलं.

नव्वद.

झटपट उघडलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या सेकंदाला नव्वदचे चाळीस झाले. गुपचूप, पडदासुद्धा न हलवता.

माझी लाडकी लेक सहा वाजताचं जपून ठेवलेलं पान साडेसातला पुढे करत होती. सासूबाई दिसेल ते वाचत होत्या, वाचतील ते ओरडत होत्या आणि फोन कोनाड्यात ठेवून पिठात हात घालत होत्या. सहा सेकंद फोन हातात धरून बसणारी माणसं ऑफिसात असतात, चुलीपाशी नसतात. मी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला होता आणि दोष होता माझा.

आता माझा हलकटपणा ऐका. मला पहिल्यांदा सुचलं ते कबूल करायचं सुचलं नाही. सुचलं ते हे, की त्या एका पानापुरतं 'जुनं दाखवू नको' असं लायब्ररीला सांगता येतं. एक ओळ. गुपचूप घालायची, शनिवारी आकडा बरोबर येणार, सासूबाईंची अब्रू राहणार, माझी राहणार आणि नव्या चष्म्याने गुण आला म्हणून सगळे डॉक्टरांना दुवा देणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती ओळ मी लिहिली. खरंच लिहिली. सेव्ह करायला बोटही नेलं.

मग वडील आठवले. त्यांच्या गॅरेजात लोक गाड्यांना काय काय बसवून आणायचे, जास्तीचे दिवे, जास्तीचे हॉर्न. आणि मग तक्रार, बॅटरी उतरते. वडील तो पार्ट काढून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "चालव बघू." गाडी चालायची. "आता सांग, तो बसवला कुणासाठी होता?"

मी वही घेतली आणि स्वतःलाच तो प्रश्न विचारला. पानं किती? तीन. सासूबाई सकाळी किती पानं बदलतात? दोनदा दोन. मॅनेजर? दोनदा एक. लायब्ररी वजनाने माझ्या तिन्ही पानांपेक्षा जड होती. पडवीत पहिल्यांदा साइट उघडताना जो वेळ लागायचा त्यातला निम्मा तिलाच आत घ्यायला जात होता. तीन खोल्यांच्या घराला मी लिफ्ट बसवली होती. कुणासाठी बसवली? ऑफिसातल्या टाळ्यांसाठी. आणि त्या एका ओळीने हे पान सुधारलं असतं, पण उद्या चौथं पान केलं की तीच खोड तिथे. शिवाय पडदा पांढरा न होण्यात मला एवढं कौतुक होतं, पण सासूबाईंना तो पांढरा पडदा हवाच होता. जुनं गेलं आणि नवं अजून यायचंय, हे त्याच्याशिवाय कळणार कसं?

काढायची, हे ठरलं. पण काढली की पानं पुन्हा पांढरी होणार आणि बायका विचारणार, हे काय झालं, का केलं? मग खरं सांगावं लागणार. म्हणजे प्रश्न लायब्ररीचा राहिलाच नव्हता. गावात माझी एवढी एकच भाकरी गोल होती आणि तीच मी सगळ्यांसमोर मोडायची होती. मला भीती वाटत होती. सासूबाई पुन्हा कधी 'आमच्या सुनंनं केलंय' म्हणणार नाहीत, याची.

गुरुवारभर मी टाळाटाळ केली. शुक्रवारी दुपारी लायब्ररी काढली. तिच्यावर विसंबून असलेली दोन बटणं मोडली, ती साधी करून घेतली. संध्याकाळपर्यंत सगळं चालू झालं. पडवीत जाऊन पाहिलं, पडदा पांढरा झाला, दोन सेकंद पांढराच राहिला आणि मग आकडा आला. ऑफिसात कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

शनिवारी साडेसातला मी पडवीत गेले. चुली पेटल्या होत्या, पाण्याला आधण येत होतं. सासूबाई चष्मा लावून दारात उभ्या आणि पलीकडच्या काकी त्यांच्या हातातल्या फोनकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत होत्या.

"मला सांगायचंय," मी म्हणाले. आवाज इतका चिरका आला की सगळ्यांना वाटलं आनंदाची बातमी आहे. दोघीतिघी हसत पुढे सरकल्या. मी घाईघाईने म्हणाले, "तसलं काही नाही. आकडा आईंनी चुकवला नव्हता. मी चुकवला. फोन त्यांना सकाळचा जुना आकडा दाखवत होता आणि तो तसा दाखवायला मीच शिकवला होता. त्यांचे डोळे उत्तम आहेत. मला बुधवारीच कळलं आणि मी आज सांगतेय."

मग पलीकडच्या काकी म्हणाल्या, "म्हंजे ती पन्नास भाकऱ्यांची फोडणी आमी तुज्यामुळं खाल्ली?"

"हो."

"आनि हे माज्या हाताचे फोड?"

"तेही."

काकींनी हात माझ्या नाकासमोर धरले, पण नजर फोनवरच होती. फोन आता आपल्याकडे येणार नाही, याचं दुःख त्यांना फोडांपेक्षा जास्त झालं असावं. सासूबाईंनी फोन डोळ्यांपुढे धरला. त्यांनी 'आजची ऑर्डर' वर बोट ठेवलं. पडदा पांढरा झाला.

"हे काय, ग्येला?" त्या म्हणाल्या.

"गेला नाही. पांढरं असेपर्यंत थांबायचं. जुनं गेलं, नवं येतंय. मगच ओरडायचं."

"मंग हे बरं हाय," सासूबाई म्हणाल्या. "पान पांढरं होऊं दे. मला घाई नाय." त्या तशाच उभ्या राहिल्या, सातही बायका श्वास रोखून त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या. पाऊण तासाच्या भाषणात माझ्याकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

"ऐंशी!" सासूबाई ओरडल्या. मापं ओतली गेली. मी हळूच माडीकडे वळले.

"कुटं चालली? हात धू," सासूबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्यांला नावं ठेवली पंधरा दिस. बस इथं."

ही शिक्षा होती आणि सात साक्षीदारांसमोर होती. मी हात धुतले, परातीसमोर बसले. उकडीचा गोळा हाताला चटके देत होता. बायका माझ्याकडे न बघण्याचं नाटक करत होत्या आणि सगळ्या बघत होत्या. अर्ध्या तासात तिघींनी पंचवीस-पंचवीस भाकऱ्या केल्या आणि मी एक. ती थापता थापता एका बाजूला पसरत गेली. तव्यावर टाकली तेव्हा रायगड जिल्ह्याचा नकाशा दिसत होता, अलिबाग बाहेर आलेलं. पण फुगली. अर्धी का होईना, टम्म फुगली. मी ती उचलून कोंबड्यांच्या डब्याकडे नेत होते, तेवढ्यात सासूबाईंनी हातातून घेतली, टोपलीत टाकली आणि मोजत राहिल्या. "एकोनऐंशी. ऐंशी."

"आई, ती नको."

"आकडा पक्का हाय. पुन्ना इचारायचं नाय."

दुपारी मॅनेजरचा फोन आला. सासूबाईंचे हात ओले होते म्हणून मी स्पीकर लावला. तो हसत होता. "मावशी, ऐंशी बरोबर आल्या, शाबास. पण यात एक भाकरी अशी कशी? पाहुणे तिचाच फोटो काढतायत. कुणी केली?"

पडवीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. पलीकडच्या काकींनी तर तोंड उघडलंसुद्धा.

सासूबाईंनी हात पुसले, नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि थेट माझ्याकडे बघत फोनात म्हणाल्या, "माजीच हाय ती. डोळं जरा अधू झालेत रं माजं."

फोन ठेवला आणि उद्यासाठी पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला.